आतपालाही मात्रा असते

रथसप्तमी उलटली की खरवईच्या गच्च्यांवर वाळवणांचा पसारा दिसू लागतो. कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या यांच्या राखणीला घरातील आजी सावलीच्या कडेला बसते आणि नातवंडे तिच्याभोवती उन्हात बागडत असतात. रविवारी तरुण मंडळी कोंडेश्वराकडे वा बारवी धरणाच्या बाजूला फिरावयास जातात. काहीजण माथेरानची वाट धरतात. तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजविणे, थंडीत पाठीवर ऊन घेत गप्पा मारणे, सूर्याला अर्घ्य देणे, सूर्यनमस्कार घालणे, या सर्वांतून ऊन हा आपल्या लोकजीवनाचा आनंद झालेला आहे. हा आनंद हिरावून घ्यावा असे आमचे मुळीच मत नाही. परंतु त्याची युक्ती सांगण्याचे जे काम वैद्याचे आहे, ते आपण पुरेशा गांभीर्याने करतो काय, असा प्रश्न आम्ही या लेखातून वैद्यवर्गापुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवू इच्छितो.

प्रारंभ आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी खरवईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा एक तरुण श्वित्राच्या तक्रारीने आमच्याकडे आला. दोन्ही हातांवर व मानेवर डाग होते. आम्ही शास्त्रोक्त चिकित्सा योजिली, स्थानिक उपचारासाठी बावचीचे तेल दिले आणि निरोप देताना म्हणालो, "तेल लावून उन्हात बसत जा." किती वेळ, कोणत्या प्रहरी, कोणत्या ऋतूत, हे आम्ही सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. चैत्र चालू होता. रात्रपाळी करून आलेला तो तरुण लवकर गुण यावा या आशेने भर मध्यान्ही तासभर गच्चीवर बसला. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा डागांच्या जागी मोठमोठे फोड उठले होते आणि भोवतालची निरोगी त्वचाही भाजली होती. "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना?" एवढेच तो म्हणाला. त्याच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. औषध योग्य होते, व्याधिनिर्णय योग्य होता; चुकली होती ती आतपाची मात्रा. किंबहुना ती आम्ही लिहूनच दिली नव्हती.

या प्रसंगानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील कुष्ठाध्यायात श्वित्रचिकित्सेमध्ये सूर्यसंताप सेवनाचा उपदेश आहे. परंतु तेथे आधी स्नेहन, नंतर विरेचन, त्यापुढे रुग्णाच्या बलानुसार आतप आणि तृषा लागल्यास पेया, असा क्रम बांधून दिलेला आहे. बल पाहूनच ऊन द्यावयाचे, ही अट मूळ उपदेशातच अंतर्भूत आहे. सूत्रस्थानात आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत आणि अग्निरहित स्वेदाच्या दहा प्रकारांतही केलेली आहे. म्हणजे ऊन हे प्राचीनांच्या दृष्टीने एक उपक्रम आहे आणि प्रत्येक उपक्रमाला योग, अयोग व अतियोग असतोच. हेमंतात आतपसेवन सांगणारे आचार्यच ग्रीष्मात सूर्यकिरण वर्ज्य करावयास सांगतात, आणि वाग्भट तर हेमंतातील ऊनसुद्धा युक्तीने घ्यावे असे म्हणतात. सुश्रुताचार्यांनी अनागताबाधप्रतिषेध अध्यायात आतपामुळे पित्त, तृष्णा, स्वेद, मूर्च्छा, भ्रम, दाह आणि वैवर्ण्य होते असे सांगून छाया या सर्वांचा परिहार करते असे नमूद केले आहे. छत्रधारण हा तर चरक व सुश्रुत या दोघांच्याही दिनचर्येचा भाग आहे. असे असता "ऊन चांगले की वाईट?" या रुग्णाच्या प्रश्नाला आपण "चांगले" वा "वाईट" असे एका शब्दात उत्तर देणे हे शास्त्रालाही धरून नाही.

आता देशविचार. आपली ही उल्हास नदीच्या खोऱ्यातील वस्ती समुद्रापासून आत आहे. खाऱ्या वाऱ्याचा गारवा मुंबईला मिळतो तसा येथे मिळत नाही. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळीस अंशांपलीकडे गेल्याचे आपण सर्वांनी अनुभवले आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उन्हातील उष्मा वेगळा आणि त्वचेला भाजणारे अतिनील किरण वेगळे. उष्मा जाणवतो, अतिनील किरण जाणवत नाहीत. त्यामुळे वारा सुटलेल्या दिवशी, पाण्यात डुंबताना वा माथेरानच्या थंड हवेत "ऊन लागत नाही" असे वाटते आणि संध्याकाळी मान व नाक लालबुंद होते. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी या किरणांची तीव्रता वाढते. दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के असे प्रमाण सांगितले जाते. विरळ ढगांतूनही ते बऱ्याच अंशी खाली येतात.

मग या न जाणवणाऱ्या किरणांची तीव्रता सामान्य माणसाने ओळखावी कशी? त्यासाठी यंत्राची गरज नाही. स्वतःची सावली पुरेशी आहे. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र, लांब असेल तर सौम्य. खरवई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि काही क्षण सावली पायाखाली नाहीशी होते. शिवाय आपले घड्याळ बरेच पूर्वेकडील रेखांशावर लावलेले असल्यामुळे आपल्याकडील खरा मध्यान्ह बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास असतो. मे महिन्यात सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत आपली सावली आपल्याहून आखूड राहते. उलट डिसेंबरच्या अखेरीस ती केवळ मध्यान्हीच्या आसपास थोडा वेळ आखूड होते. "दुपारचे ऊन टाळा" या एका ओळीच्या उपदेशापेक्षा "सावली पाहून बाहेर पडा" हा उपदेश अधिक नेमका आहे आणि अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही तो पाळता येतो.

येथेच आमच्या व्यवसायातील एका लाडक्या समजुतीची तपासणी करावी लागते. अस्थिपोषक ड जीवनसत्त्वासाठी सकाळचे कोवळे ऊन घ्यावे, असे आपण सर्रास सांगतो. कोवळे ऊन आल्हाददायक आहे, त्याने मन प्रसन्न होते, वेळेवर उठण्याची सवय लागते. हे सर्व मान्य. परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण हे अतिनील किरणांच्या आखूड लहरींचे, म्हणजे 'ब' गटाचे असतात आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना ते वातावरणातच बहुतांशी शोषले जातात. लांब सावलीच्या उन्हातून ते फारसे मिळत नाहीत. बंद खिडकीच्या काचेआड बसूनही मिळत नाहीत, कारण काच 'ब' गटाला अडविते. याउलट त्वचा काळवंडविणारे व तिला अकाली सुरकुत्या पाडणारे लांब लहरींचे 'अ' गटाचे किरण काचेतून आत येतात. म्हणूनच वर्षानुवर्षे वाहन चालविणाऱ्याचा खिडकीकडचा उजवा हात व उजवा गाल अधिक काळवंडलेला आढळतो.

याचा अर्थ भर उन्हात तासन्‌तास उभे राहावे असा नव्हे. त्वचेतील ड जीवनसत्त्वाची निर्मिती एका मर्यादेपर्यंतच होते. त्यापुढे तेच पूर्वद्रव्य किरणांनी निष्क्रिय पदार्थांत रूपांतरित होते. अधिक वेळ बसल्याने लाभ वाढत नाही, हानी मात्र वाढते. आम्ही आमच्या निरोगी, गव्हाळ वर्णाच्या रुग्णांना असे सांगतो: सावली नुकतीच आखूड झालेली असताना, चेहरा झाकून व हातपाय उघडे ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून काही दिवस ऊन घ्यावे, त्वचा तापून लाल होण्यापूर्वी सावलीत यावे. मार्गशीर्ष-पौषात हेच मध्यान्हीच्या उन्हात, सुखाने, शेंगा सोलीत करता येते. निसर्गाने आनंद आणि लाभ यांची गाठ हेमंतात घालून दिलेली आहे, हे ऋतुचर्याकारांच्या उपदेशाशी किती जुळते! ज्यांची हाडे दुखतात, जे दिवसभर घरात वा कार्यालयात असतात, त्यांची रक्ततपासणी करवून घ्यावी. केवळ उन्हावर भिस्त ठेवू नये.

आता संरक्षणाकडे वळू. आमच्या मते येथे आपल्या क्षेत्रात सर्वांत मोठा घोटाळा होत आहे, तो दाहशमन आणि आवरण यांची गल्लत केल्यामुळे. चंदन, वाळा, कोरफड, गुलाबजल ही शीतवीर्य द्रव्ये तापलेल्या त्वचेला शांत करतात. परंतु शांत करणे म्हणजे झाकणे नव्हे. चंदनाचा पातळ लेप वा कोरफडीचा गर लावून उन्हात गेलेल्या माणसाला गार वाटते, म्हणून तो अधिक वेळ उन्हात थांबतो आणि अधिक भाजतो. दाह हा शरीराने दिलेला इशारा आहे. तो दडपून रुग्णाला उन्हात पाठविणे हे हितकर नाही. या द्रव्यांचे स्थान उन्हातून परतल्यानंतर आहे. तेथे आधी साध्या गार पाण्याने त्वचा शांत करावी, मग कोरफडीचा गर वा शतधौत घृत योजावे. खोबरेल तेलाचे संरक्षणही अल्पच असते.

काही औषधनिर्माते "यशद भस्म असलेले सूर्यरक्षक मलम" असे लेबल लावतात. यशद भस्म हे मुख्यतः जस्ताचे ऑक्साइड आहे आणि आधुनिक सूर्यरक्षक मलमांतही जस्ताचे ऑक्साइड वापरतात, हे खरे. गैरिकातील लोहाचे ऑक्साइड दृश्य प्रकाशाला अडविण्यास साहाय्यभूत ठरते आणि व्यंगाच्या रुग्णांसाठी रंगीत मलमांत त्याचा उपयोग केला जातो, हेही खरे. आपल्या लेपकल्पनेचे हे आधुनिक विज्ञानाशी जडलेले नाते अभिमानास्पद आहे. परंतु मलमात भस्म घातले म्हणजे संरक्षण सिद्ध झाले, असे होत नाही. कणांचा आकार, ते मलमात किती समप्रमाणात पसरले आहेत आणि थराची जाडी किती, यावर सर्व अवलंबून असते आणि त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच होते. ज्या मलमाची अशी परीक्षा झालेली नाही, त्यावर संरक्षणाचा अंक छापणे ही रुग्णाची वंचना आहे. ती आयुर्वेदाच्या नावाने झाली तर आयुर्वेदाची हानीही आहे.

त्या अंकाविषयीही ग्राहकाला समजावून सांगितले पाहिजे. पंधरा अंकाचे मलम 'ब' गटाचे सुमारे ९३ टक्के, तीस अंकाचे सुमारे ९७ टक्के आणि पन्नास अंकाचे सुमारे ९८ टक्के किरण अडविते. तीस व पन्नास यांतील भेद किमतीत जितका असतो तितका संरक्षणात नसतो. शिवाय ही मोजणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर धरून केलेली असते. लोक याच्या निम्माही लावीत नाहीत. घामाने ते वाहून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. केवळ अंक पाहू नये. 'अ' गटापासून संरक्षणाचा उल्लेख लेबलवर आहे की नाही हेही पाहावे.

रिक्षाचालक, वीटभट्टीवरील मजूर, बांधकामावरील स्त्रिया यांना दर दोन तासांनी मलम लावणे परवडणारे नाही. त्यांच्यासाठी सुश्रुताचार्यांची छाया आणि छत्र हेच खरे औषध. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, सैल सुती कापड. रुंद काठाची टोपी वा डोक्यावरून घेतलेला पदर. मान झाकणारे उपरणे. कापड ओले झाल्यावर त्याचे संरक्षण घटते, हेही सांगावे. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात त्याची आपण थट्टा करतो. वस्तुतः त्यांची युक्ती योग्यच आहे.

मलम असो वा कापड, दोन्हींनी त्वचा वाचते. उष्माघात टळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. पाणी, सावली आणि वेळेची निवड यांना पर्याय नाही, हा त्या दुःखद घटनेचा धडा आपण विसरता कामा नये. भ्रम, उलटी, तीव्र ज्वर वा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे पन्हे व सरबते देत वेळ दवडू नये.

वैद्यवर्गाने आणखी काही निदाने डोळ्यांसमोर ठेवावीत असे आम्हाला वाटते. पहिले, बावची. तिच्यातील सोरालेनमुळे त्वचा 'अ' गटाच्या किरणांना अतिसंवेदनशील होते. इजिप्तमध्ये एल् मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात सोरालेनयुक्त वनस्पतीवर संशोधन केले आणि १९७४ पासून पाश्चात्त्य वैद्यकात सोरालेन व अतिनील किरण यांचा संयुक्त उपचार रूढ झाला. तेथे किरणांची मात्रा काटेकोर मोजून दिली जाते. आपले द्रव्य त्याच जातीचे असता आपण मात्रा न मोजणे हे क्षम्य नाही. तिच्या आभ्यंतर प्रयोगात यकृतावरही लक्ष ठेवावे. दुसरे, लिंबू. चेहरा उजळावा म्हणून लिंबाचा रस चोळून उन्हात जाणाऱ्या मुलींना फोड व नंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग येतात, कारण लिंबाच्या सालीतही याच वर्गाची द्रव्ये असतात. हा "घरगुती उपाय" आपणच सांगत असू तर तो तत्काळ थांबवावा. तिसरे, गाजरगवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम आढळलेले हे तण आज रेल्वेमार्गाच्या कडेला व मोकळ्या भूखंडांवर सर्वत्र माजले आहे. त्याने होणारा त्वग्विकार उन्हाच्या विकारासारखा दिसतो. परंतु पापण्या, कानामागील भाग व हनुवटीखालची जागा, जेथे ऊन सहसा पोचत नाही, तेथेही तो उमटतो. हा भेद न पाहिल्यास रुग्णाला वर्षानुवर्षे केवळ पित्तशामक औषधे मिळत राहतात. चौथे, गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, सोबत संधिशूल व ज्वर असेल तर केवळ "उन्हाचा त्रास" म्हणून सोडू नये, रक्ततपासणी करवावी. न भरणारी जखम वा रंग-आकार बदलणारा तीळ यांबाबतही हेच. आपल्या वर्णामुळे त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळ आहे, परंतु नाहीच असे नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक कळकळीची विनंती. उन्हाने आलेल्या काळेपणावर स्टेरॉइडमिश्रित "गोरेपणाची" मलमे मागणारे ग्राहक रोज येतात. अशा मलमांनी त्वचा पातळ होते, मग तिला ऊन अधिकच सोसत नाही, आणि ग्राहक पुन्हा तेच मलम मागतो. २०१८ साली शासनाने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला, तो याचसाठी. श्वित्र बरे करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमाने मनाई आहे, याचाही विसर पडू नये.

"ग्रंथांत नसलेल्या सूर्यरक्षक मलमाची शिफारस वैद्याने का करावी?" असा आक्षेप काही ज्येष्ठ वैद्य घेतात. त्यांच्याविषयी आदर बाळगून आम्ही म्हणतो की, जगात औषध नाही असे द्रव्य नाही, ही चरकाचार्यांचीच भूमिका आहे. युक्ती आणि प्रयोजन मात्र हवे. सुश्रुताचार्यांनी व्यंगाच्या हेतूंत क्रोध व आयास सांगितले. आज व्यंगाचा रुग्ण ऊन न टाळता आला तर कोणताही लेप टिकत नाही, हे आपण सर्व जाणतो. अनुक्त हेतू जोडण्याची मोकळीक शास्त्राने दिली आहे, तशीच अनुक्त साधन स्वीकारण्याचीही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढे समजावून सांगण्यास वेळ कोठे आहे? आमचे उत्तर इतकेच की, त्या तरुणाच्या हातावरील फोड भरून येण्यास जितका वेळ लागला, त्यापेक्षा हे सांगण्यास फारच थोडा लागतो.

म्हणून आम्ही सभासदांपुढे तीन सूचना ठेवतो. रुग्णपत्रिकेवर आहार व निद्रेच्या जोडीला "आतप" असा एक रकाना असावा. त्यात रुग्ण किती वेळ, कोणत्या प्रहरी उन्हात असतो हे लिहावे. बावचीचा कोणताही योग देताना उन्हाची वेळ व मिनिटे लेखी द्यावीत. आरंभ अत्यल्प वेळेपासून करावा आणि त्या दिवशी उर्वरित वेळ ती त्वचा झाकून ठेवण्यास सांगावे. आणि औषधविक्रेत्यांनी परीक्षेचा दाखला नसलेले सूर्यरक्षक मलम दुकानात ठेवू नये, मग त्यावर पान छापलेले असो वा ऋषीचे चित्र.

तो तरुण पुढे आमच्याकडे येत राहिला. फोड भरले, मग आम्ही घड्याळ लावून, पाच मिनिटांपासून नव्याने आरंभ केला. सर्व डाग गेले असे आम्ही म्हणणार नाही. काही भरले, काही राहिले. परंतु आता तो उन्हाला घाबरत नाही आणि उन्हाशी खेळतही नाही. यंदाच्या थंडीत तो आपल्या मुलीला घेऊन गच्चीवर बसलेला आम्ही पाहिला. आम्हाला पाहताच हसून आपल्या सावलीकडे बोट दाखवीत तो म्हणाला, "अजून लांब आहे, डॉक्टर." ऊन भोगावे ते असे, सावली पाहून.